जोतीरावांचे गायरान

दरवर्षी ११ एप्रिलला महात्मा फुल्यांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि भाषणे होतात. भाषणांत भिडे वाडा येतो, १८४८ साल येते, सावित्रीबाईंच्या अंगावर फेकलेले शेण येते आणि शेवटी टाळ्या. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्या शाळेचे माझ्यावर किती ऋण आहे, हे मला कुणी वेगळे सांगायला नको. तरीही या लेखात मी शाळेविषयी थोडकेच लिहिणार आहे. जोतीरावांनी शेळ्यांविषयी काय लिहून ठेवले आहे, ते मला सांगायचे आहे. वाचकांनी हसू नये. माझी अकरावीची फी आजीने दोन बोकड विकून भरली होती.

जोतीरावांचे घराणे मूळचे गोऱ्हे, सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे. हे गाव खटाव तालुक्यात पुसेगावजवळ आहे, म्हणजे आमच्या माणदेशाच्या उंबऱ्यावरच. पाऊस बेताचा, ओढे वर्षाचे आठ महिने कोरडे, आणि नजर जाईल तिकडे कुसळीचा माळ. त्यांचे पणजोबा गावचे चौगुले होते. कुलकर्ण्याशी वितुष्ट आले आणि घराला गाव सोडावे लागले. आधी पुरंदरातले खानवडी, मग पुणे. पुण्यात फुलांच्या धंद्यावरून फुले हे नाव पडले. १८२७ मध्ये जोतीरावांचा जन्म झाला. वर्षाच्या आतच आई गेली, सगुणाबाईंनी त्यांना वाढवले. थोडे लिहिणे-वाचणे येताच वडिलांनी त्यांना शाळेतून काढून मळ्यात घातले. गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळवले, म्हणून १८४१ मध्ये ते पुन्हा शाळेत गेले. शिकलेल्या शेजाऱ्याने बापाशी दोन शब्द बोलल्यावाचून कित्येकांची शाळा होत नाही. माझ्या बाबतीतही असेच झाले, पण ते असो.

मुलींची शाळा, अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद, 'गुलामगिरी' हा ग्रंथ आणि १८७३ मधला सत्यशोधक समाज, हे सारे आपण पाठ्यपुस्तकात शिकलो आहोत. जोतीराव पोटासाठी काय करीत, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ते बांधकामाचे ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या आणि येरवड्याच्या पुलाच्या कामाला त्यांनी माल पुरवला. मांजरीला जमीन घेऊन बागायत केली. त्यामुळे पाणी कुठून येते, माती कशी वाहून जाते आणि सरकारी खात्यात पैसा कुठे मुरतो, हे त्यांना कागदावरून वाचावे लागले नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात धनकवडीला त्यांनी उपाशी मुलांसाठी अन्नछत्र उभारले. त्याच सुमारास ते पुणे नगरपालिकेचे सभासद झाले.

त्या काळी रानात काय चालले होते, ते समजल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. रेल्वे वाढत होती आणि रुळांखाली घालायला सागाचे लाकूड हवे होते. १८६४ मध्ये सरकारने जंगल खाते काढले, १८६५ मध्ये पहिला कायदा केला आणि १८७८ मध्ये त्याहून कडक. या दुसऱ्या कायद्यात जंगलाचे तीन प्रकार होते : राखीव, संरक्षित आणि गावाचे. गावाचे जंगल बहुतेक कागदावरच राहिले. राखीव मात्र पसरत गेले. काल ज्या डोंगरावर गाव गुरे चारत होते, त्यावर आज गुरे नेली तर गुन्हा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत भातशेतीचा राबही अडला. राब म्हणजे पालापाचोळा, फांद्या आणि शेण वाफ्यावर पसरून पेरणीआधी जाळणे. त्याशिवाय तिकडे रोप चांगले धरत नाही. ओरड इतकी झाली की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला.

त्या आयोगाच्या दोन वर्षे आधी, १८८३ मध्ये, जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्याचे पहिले दोन भाग 'दीनबंधु' पत्रात आले आणि पुढचे छापणे थांबले. आमच्या मराठीच्या सरांनी ग्रंथालयातली समग्र वाङ्मयाची जाड प्रत काढून दिली, तेव्हा ते सारे मला वाचायला मिळाले. दुसऱ्या भागात एक जागा अशी आहे की मी तिथे थांबले. थोड्या जमिनीवर ज्यांचे भागत नसे ते शेतकरी पूर्वी कसे जगत, हे तिथे सांगितले आहे. जवळच्या डोंगरातली उंबरे-जांभळे खावीत, पळस-मोहाची पाने-फुले आणि वाळले लाकूड विकून चार पैसे करावेत, गायरानाच्या भरवशावर एखाददुसरी गाय आणि दोनचार शेळ्या पाळाव्यात. मग जंगल खाते आले. त्याने डोंगर, दऱ्या, पडीक आणि गायराने सगळीच पोटात घातली आणि गरिबाच्या शेळीला या पृथ्वीवर नुसता वारा खायलाही जागा ठेवली नाही. हा सारांश माझ्या शब्दांत आहे. मूळ भाषा याहून कितीतरी तिखट आहे.

एवढेच असते तर ती एक तक्रार झाली असती. पण शेवटी ते उपाय सांगतात, आणि तिथे त्यांची ठेकेदाराची नजर दिसते. डोंगरावरचा पाला, मेलेले किडे, जनावरांची हाडे यांचे कुजून झालेले खत पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याला जाऊन फुकट जाते. म्हणून पलटणीतल्या आणि पोलिसातल्या माणसांकडून ताली आणि बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे ते पाणी शेतात मुरेल आणि विहिरींनाही उपयोगी पडेल. खात्याने घेतलेली गायराने गावांना परत द्यावीत. सरपण आणि राबापुरते लोकांना घेऊ द्यावे, पण इमारती लाकूड विकण्यासाठी तोडायला सक्त मनाई असावी. आणि जुलमी जंगल खाते मोडून टाकावे. मला वाटते, खाते मोडण्याचे वाक्य लोकांच्या ध्यानात राहते आणि लाकूड विकण्याच्या बंदीचे विसरले जाते. रान राखू नये असे जोतीराव कुठेच म्हणत नाहीत. घरच्या चुलीसाठी काटक्या नेणारी आणि बाजारासाठी झाड पाडणारा, यांना एकाच काठीने हाणू नये, एवढा त्यांचा आग्रह आहे.

हे मला इतके लागले याचे कारण आमच्या गावचे गायरान. मी सातवीत असताना त्यातल्या निम्म्याहून अधिक भागाला चर आणि तारेचे कुंपण घालून रोपे लावली. आजीच्या चार शेळ्या एकदा आत शिरल्या आणि तिला दंड झाला. तो भरायला तिने गळ्यातली पोत गहाण ठेवली. पुढे तिथली मोठी लिंबाची झाडे एका रात्रीत तुटून ट्रकमध्ये गेली. त्याचा दंड कुणाला झाल्याचे ऐकिवात नाही.

तरी खरे ते लिहिले पाहिजे. कुंपणाच्या आत गवत कमरेइतके झाले. बाहेरचा माळ तसाच बोडका. शेळी कोवळे रोप ठेवत नाही, हे आजीलाही मान्य आहे. जोतीरावांच्या काळी माणसे आणि जनावरे आजच्याइतकी नव्हती, आणि गायरान परत मिळाल्यावर त्यावर किती शेळ्या चराव्यात याचा हिशेब त्यांनी मांडलेला नाही. तो हिशेब गावाने बसून करावा लागतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तिथे काय तोडायचे आणि काय नाही, हे ग्रामसभा ठरवते. आमच्या ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला की आधी जागा कुणाच्या घराला द्यायची यावरच भांडण सुरू होते.

मार्च १८८८ मध्ये इंग्लंडच्या राणीच्या मुलासाठी पुण्यात मेजवानी झाली. भरजरी पोशाखांच्या त्या गर्दीत जोतीराव गरीब कुणब्याच्या वेशात गेले आणि खरा हिंदुस्थान खेड्यात पाहा, असे राजपुत्राला सुनावून आले. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत त्यांना महात्मा ही पदवी मिळाली. मग पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडली. डाव्या हाताने लिहून त्यांनी अखेरचा ग्रंथ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले.

दिवाळीच्या सुट्टीत मी असूडातला तो शेळ्यांचा भाग आजीला वाचून दाखवला. तिला अक्षरओळख नाही. तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला, आणि मग हा माणूस कुठल्या गावचा म्हणून विचारले. कटगुणचा, म्हटल्यावर ती म्हणाली की त्या वाटेने तिचा बाप मेंढरे घेऊन जात असे, आणि शेळ्या सोडायला उठली.