वसईचा संत

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला संतांच्या गोष्टी सांगायच्या. बहुतेक सगळे युरोपातले. पण मित्रांनो, विरार लोकलने आपण ज्या वसईला उतरतो, तिथलाही एक संत आहे... गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत!

सोळाव्या शतकात वसईवर पोर्तुगीजांचं राज्य होतं. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइट फादरांकडे शिकून गोन्सालो तरुणपणीच त्यांच्याबरोबर जपानला गेला, जपानी उत्तम शिकला. पण त्यांच्या संघात प्रवेश काही मिळाला नाही. मग व्यापार केला, त्यात जमही बसला, तरी मन रमेना. शेवटी मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला आणि १५९३ मध्ये दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेला.

१५९६ मध्ये तिथला सत्ताधीश हिदेयोशी मिशनऱ्यांवर उलटला. २६ जण पकडले गेले, बहुतेक जपानीच, त्यात लहान मुलंसुद्धा. डाव्या कानाचा तुकडा कापून, ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ ला सगळ्यांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं.

१६२७ मध्ये त्यांना 'धन्य' ठरवलं गेलं. संतपद मात्र पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ ला दिलं, म्हणजे तब्बल २६५ वर्षांनी! तेव्हाही जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदीच होती. ती १८७३ मध्ये उठली.

गोन्सालो ना फादर होता, ना मोठा पंडित. दुसऱ्यांचे शब्द पोचवणं हे त्याचं काम. पण वेळ आली तेव्हा तो मागे हटला नाही. वसई किल्ल्यात त्याच्या नावाचं चर्च आहे. पिकनिकला गेलात तर तिथे दोन मिनिटं जरूर थांबा.