विश्लेषण : मनोरुग्णांचे चेहरे वाचणारा डार्विन, आणि नगरहून गेलेले उत्तर

चार्ल्स डार्विन म्हटले की माकड, माणूस आणि उत्क्रांती एवढेच आठवते. मात्र मानसिक आजार असलेल्यांचे चेहरे आणि हालचाली नोंदवणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासकांतही तो होता. या कामाचा एक धागा थेट आपल्या अहमदनगरपर्यंत (आताचे अहिल्यानगर) येतो.

डॉक्टरकी सोडलेला डॉक्टरपुत्र

जन्म १२ फेब्रुवारी १८०९, इंग्लंडमधील श्रूजबरीचा. वडील डॉक्टर. मुलालाही त्यांनी एडिंबरोला वैद्यकीय शिक्षणासाठी पाठवले, पण भूल न देता होणाऱ्या शस्त्रक्रिया त्याला बघवेनात. त्याने ते शिक्षण सोडले. १८३१ ते १८३६ या काळातील ‘बीगल’ जहाजाची सफर सर्वांना ठाऊक आहे. १८३९ मध्ये पहिला मुलगा झाल्यावर त्याचे रडणे, हसणे, आठ्या घालणे हे सारे या बापाने वहीत टिपून ठेवले.

मनोरुग्णालयच का?

मोठी माणसे चारचौघांत भावना आवरतात. काही मानसिक आजारांत हा आवर सुटतो, म्हणून तिथे भावना उघड दिसतील, हा त्याचा तर्क. वेकफील्डच्या मनोरुग्णालयाचे तरुण प्रमुख जेम्स क्रिक्टन-ब्राउन यांच्याशी १८६९ पासून त्याचा पत्रव्यवहार सुरू झाला. त्यांनी निरीक्षणांसोबत रुग्णांची छायाचित्रेही पाठवली. खोल विषण्णतेत भुवयांची आतली टोके वर ओढली जातात आणि कपाळाच्या मध्यावर आठ्या पडतात, ही खूण अशीच पडताळली गेली. पुढे मनोविकारशास्त्रात तिला ग्रीक ‘ओमेगा’ अक्षरावरून नाव मिळाले.

डार्विन स्वतःच्या नजरेवरही विसंबला नाही. फ्रेंच डॉक्टर ड्युशेन यांनी विजेच्या झटक्याने चेहऱ्याचे स्नायू आखडवून काढलेली छायाचित्रे त्याने वीसहून अधिक जणांना काहीही न सांगता दाखवली आणि भावना ओळखायला लावली. काही चेहऱ्यांवर एकमत झाले, काहींवर अजिबात नाही. आजच्या भाषेत हे ‘टेस्टिंग’च.

नगरचे उत्तर

१८६७ मध्ये त्याने जगभर १६ प्रश्नांची यादी पाठवली. मुंबई इलाख्यात अहमदनगरला राहणाऱ्या एच. एर्स्किन यांनी लोकांचे चेहरे बारकाईने पाहिले, पण खात्रीचा निष्कर्ष निघेना. कारण? युरोपीय माणसासमोर इथले लोक भावना दाबत. आम्हाला तर संपूर्ण प्रकरणातले हेच सर्वांत मोलाचे निरीक्षण वाटते. साहेबापुढचा कोरा चेहरा म्हणजे कोरे मन नव्हे. ओपीडीत डॉक्टरपुढे बसलेल्या रुग्णालाही हे लागू आहे.

१८७२ मध्ये पुस्तक आले आणि हातोहात खपले. वेकफील्डच्या छायाचित्रांपैकी एकावरूनच, केस ताठ उभे राहिलेल्या एका स्त्रीचे, चित्र त्यात छापले गेले. (आज आम्हाला तसे करता येणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही.) १९ एप्रिल १८८२ रोजी डार्विनचे निधन झाले.

रुग्णाची बैठक, नजर, हालचालींचा वेग आणि चेहऱ्यावरचा भाव या नोंदी मनोविकारतज्ज्ञ आजही पहिल्या तपासणीत करतात. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये सुरू केलेल्या ‘आयकॉल’ हेल्पलाइनवर मात्र फोन घेणाऱ्याला चेहरा दिसतच नाही. तिथे आवाजाचा कंप, लांबलेला श्वास आणि मधली शांतता एवढ्यावरच भागवावे लागते.