शरदबाबू, रंगून आणि आपला तलवारकर

हावड्याहून खरगपूरकडे येताना रूपनारायण नदीच्या पुलाअलीकडे देउलटी स्टेशन लागते. ड्यूटीनिमित्त आपण तेथून नेहमी जातो. या स्टेशनजवळच्या सामताबेड गावात सुप्रसिद्ध बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांचे घर आहे. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरदबाबू मराठी वाचकांच्या घरचेच झाले. परंतु आपण त्यांना ओळखतो ते मुख्यतः 'देवदास'मुळे. सरकारला धडकी भरवणारे शरदबाबू त्या मानाने अपरिचित आहेत.

त्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८७६ रोजी हुगळी जिल्ह्यातील देवानंदपूरचा. बालपण बरेचसे भागलपूरला आजोळी गेले. घरच्या गरिबीमुळे कॉलेज सुटले. १९०३ साली पोटासाठी ते ब्रह्मदेशात गेले. रंगूनला सुरुवातीला रेल्वेच्या हिशेब तपासणी कार्यालयात त्यांनी नोकरी केली, म्हणजे काही काळ ते आपल्याच खात्यातले! ते रंगूनला कारकुनी करीत असताना १९०८ ते १९१४ या काळात आपले लोकमान्य त्याच देशात मंडालेच्या तुरुंगात होते.

१९१६ साली शरदबाबू परतले. १९२१ पासून त्यांनी काँग्रेसचे काम केले आणि हावडा जिल्हा काँग्रेसचे अध्यक्षपदही सांभाळले. १९२६ साली त्यांची 'पथेर दाबी' ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. नावाचा अर्थ, वाटेवरचा हक्क. रंगूनमधील गुप्त क्रांतिकारी संघटनेची ही कथा.

त्यात अपूर्व या बंगाली तरुणाला फिरंगी पोरे लाथा मारून फलाटावरून हाकलतात. तक्रार करायला गेला तर साहेब स्टेशनमास्तर त्यालाच बाहेर काढतो. फलाटावर देशी माणसे भरपूर असतात, पण कोणी पुढे येत नाही. हाडे मोडली नाहीत एवढ्यावरच ती समाधान मानतात. ही हकिकत अपूर्व ज्याला सांगतो तो त्याचा कचेरीतील सहकारी, रामदास तलवारकर, चक्क मराठी माणूस! परमुलखात नोकरी करणारा, बायको असलेला, अगदी आपल्यासारखा. तोच पुढे मजुरांच्या सभेत निर्भीडपणे बोलतो आणि त्याची किंमत मोजतो. उलट अपमानाने पेटलेला अपूर्व पोलिसांच्या भीतीने साथीदारांची नावे सांगून मोकळा होतो.

मला वाटते, या कादंबरीचे खरे बळ येथे आहे. इंग्रजांवर टीका करणारे पुष्कळ होते. शरदबाबूंनी नोकरदाराच्या मनातली भीती त्याच्यासमोर मांडली.

१९२७ च्या जानेवारीत सरकारने पुस्तकावर बंदी घातली. शरदबाबूंनी रवींद्रनाथांना निषेध करण्याची विनंती केली. रवींद्रनाथांनी ती मानली नाही. ज्याला सत्तेविरुद्ध लिहायचे आहे त्याने परिणामही सोसावेत, असे त्यांचे मत पडले. शरदबाबू दुखावले. पण लोकांनी पुस्तक सोडले नाही. ते चोरून हातोहाती फिरत राहिले, तरुण क्रांतिकारकांनी ते जिवाभावाने वाचले. १६ जानेवारी १९३८ रोजी शरदबाबू गेले. बंदी उठली १९३९ साली. ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

मित्रहो, नोकरी, बदली, बढती यांच्या विचाराने आपणही कितीदा फलाटावरच्या त्या माणसांसारखे गप्प उभे राहतो! एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन देउलटीला उतरावे आणि रूपनारायणकाठचे ते घर दाखवावे. जाता जाता तलवारकराची गोष्टही त्यांना सांगावी.

गणपती बाप्पा मोरया!