श्रीगाडगेमहाराज : खराटा आणि कीर्तन

खेड्याची सुधारणा करूं इच्छिणारानें प्रथम काय करावें, ह्याविषयीं पुस्तकें आज विपुल आहेत. परंतु ज्या पुरुषानें महाराष्ट्रांतील कित्येक खेड्यांस स्वतःच्या अंगणाकडे डोळे उघडून पाहावयास लाविलें, त्यास एकही पुस्तक वाचतां येत नव्हतें. त्यांनीं बांधलेल्या धर्मशाळांची माहिती बहुतेक वाचकांस असते. आम्हांस येथें विशेषेंकरून त्यांच्या बोलण्याच्या रीतीविषयीं लिहावयाचें आहे.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर हें त्यांचें मूळ नांव. वऱ्हाडांतील अमरावती जिल्ह्यांत शेंडगांव येथें एका परीट कुटुंबांत ता. २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं त्यांचा जन्म झाला. वडील दारूच्या पायीं अकालीं वारले, आणि आई सखुबाई लहानग्या डेबूस घेऊन मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुरें गांवीं माहेरीं आली. गुरें राखण्यांत व नांगर धरण्यांत डेबूजीचें बालपण गेलें. शाळेची पायरी त्यांस चढावयास मिळाली नाहीं. पुढें मामाची जमीन सावकाराच्या कर्जांत बुडाली. दारू व कर्ज मनुष्याचें काय करितात हें त्यांनीं असें घरांतच पाहिलें. त्यांच्या कीर्तनांतील आख्यानें पुराणांतून उचललेलीं नसत, ह्याचें कारण आमच्या मतें हेंच.

इ. स. १८९२ मध्यें कुंताबाईंशीं त्यांचा विवाह झाला. पुढें मुलीच्या बारशाचा प्रसंग आला. अशा वेळीं जातभाईंस मद्यमांसाची पंगत द्यावयाची रूढी होती, आणि ती पाळण्याकरितां कर्ज काढण्यांत कोणासच कांहीं वावगें वाटत नसे. डेबूजींनीं गोडाचें जेवण वाढलें. मंडळी रागावली, पण डेबूजींनीं बेत बदलला नाहीं. त्यांचें पहिलें कीर्तन आम्ही ह्यासच म्हणतों, मग त्यांत टाळ नसोत कीं अभंग नसोत.

ता. १ फेब्रुवारी १९०५ रोजीं त्यांनीं घर सोडलें. अंगावर निरनिराळ्या चिंध्यांचें वस्त्र, एका कानांत कवडी, दुसऱ्यांत फुटक्या बांगडीची कांच, हातीं खराटा, आणि डोक्यावर फुटकें गाडगें. तें गाडगें उन्हांत टोपी होई व भुकेच्या वेळीं ताट होई. लोक त्यांस कोठें गोधडेबुवा, कोठें चिंधेबुवा, कोठें गाडगेबुवा म्हणत; शेवटचें नांव कायमचें राहिलें. पूर्णेच्या कांठीं ऋणमोचन येथें यात्रेकरू चिखलांत घसरून पडत, म्हणून १९०८ सालीं त्यांनीं तेथें घाट बांधविला. हें काम लोकांच्या वर्गणीनें व श्रमानें झालें.

गांवांत शिरल्यावर महाराज कोणाशीं बोलत नसत. ते झाडूं लागत. उकिरडा, गटार, देवळापुढची घाण, जें समोर येई तें उपसून टाकीत. प्रथम पोरें जमत व वेडा म्हणून हंसत. मग एखादा म्हातारा ओशाळून हातांत टोपली घेई. सायंकाळपर्यंत अर्धें गांव कामास लागलेलें असे. त्यानंतर त्याच झाडलेल्या जागीं रात्रीं कीर्तन होई. श्रोता येऊन बसे तेव्हां वक्त्याचें अर्धें सांगणें त्यानें दिवसां डोळ्यांनीं पाहिलेलें असे. आमचे पुष्कळ व्याख्याते ह्याच्या उलट करितात. ते आधीं बोलतात, आणि झाडण्याचें काम श्रोत्यांवर सोंपवून पुढच्या गांवाची गाडी गांठतात.

कीर्तनाची भाषा शेतकऱ्याच्या तोंडची वऱ्हाडी. महाराज विधानें थोडीं करीत व प्रश्न फार विचारीत. दगडाच्या देवास आंघोळ कोण घालतो, त्याच्या नैवेद्यावर कुत्रें आलें तर हांकतो कोण, नवसाला कापलेलें बकरें देव खातो कीं माणूस खातो, असे ते विचारीत आणि उत्तर सभेनें द्यावयाचें. आम्हां शाळेंतल्या मंडळींस प्रश्नोत्तरें नवीन नाहींत; पण आमच्याकडे उत्तर चुकलें तर गुण जातात. महाराजांच्या प्रश्नांत चुकण्याची सोयच नसे, कारण विचारलेली गोष्ट उत्तर देणाराच्याच ओसरीवरची असे. हजारों माणसें एका आवाजानें होय किंवा नाहीं म्हणत, आणि आपण काय कबूल करून बसलों हें त्यांच्या मागाहून ध्यानीं येई. कर्ज काढून सण करूं नका, शिवाशिव पाळूं नका, हा उपदेश असा त्यांच्याच मुखांतून त्यांच्याकडे परत जाई. मुलांच्या शिक्षणाविषयीं तर त्यांचा हट्टच होता. घरांतलें ताट विकून भाकरी हातावर घेऊन खावी, बायकोस कमी मोलाचें लुगडें घ्यावें, पण पोरास शाळेंत घातल्यावांचून राहूं नये, हें ते पुनःपुन्हां सांगत.

ह्या शब्दांस वजन कोठून येई? इ. स. १९२३ मध्यें कोंकणांत खारेपाटण येथें कीर्तन चालूं असतां त्यांचा एकुलता पुत्र गोविंद वारल्याची वार्ता आली. महाराजांनीं कीर्तन थांबविलें नाहीं. त्यांतील कठोरपणा आम्हांस आजही अस्वस्थ करितो. आई कुंताबाईंच्या दुःखाचा वांटा कोणीं उचलला, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. तरी इतकें खरें कीं, लोकांस जो त्याग त्यांनीं सांगितला त्याचें मोल त्यांनीं आपल्या घरांतून दिलें होतें. लक्षावधि रुपये त्यांच्या शब्दावर जमले. नाशिकची धर्मशाळा १९३२ सालीं उभी राहिली, पंढरपूर, देहू, आळंदी येथेंही इमारती झाल्या. परंतु त्यांवर त्यांच्या कुटुंबीयांचा कांहींएक हक्क नव्हता. पायां पडावयास येणारावर ते काठी उगारीत. शिष्य त्यांनीं केला नाहीं.

पंढरीस ते जात, चंद्रभागेचें वाळवंट झाडीत, तेथें कीर्तन करीत. देवळांत जाण्याची मात्र त्यांस गरज वाटत नसे. तेथील चोखामेळा धर्मशाळा त्यांनीं १९४९ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. जेथें अस्पृश्य यात्रेकरूंनीं आसरा घेतला, ती वास्तु विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावी हा त्यांतील हेतु. संस्थांची व्यवस्था नीट लागावी म्हणून १९५२ सालीं गाडगेमहाराज मिशन स्थापन झालें, आणि १९५४ मध्यें मुंबईस जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातलगांकरितां धर्मशाळा निघाली.

ता. ८ नोव्हेंबर १९५६ रोजीं मुंबईंत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यांत त्यांचें शेवटचें कीर्तन झालें. त्याचें ध्वनिमुद्रण झालें असल्यामुळें त्यांचा आवाज आपणांस आजही ऐकावयास मिळतो. पुढें ता. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीकडे जात असतां वलगांवजवळ, पेढी नदीच्या परिसरांत, वाटेंतच त्यांचा देह पडला. अमरावतीस त्यांची समाधि आहे. त्याच नगराच्या विद्यापीठास २००५ सालीं ह्या निरक्षर पुरुषाचें नांव देण्यांत आलें.