स्फटिकांच्या अंतरंगात डोकावणारे धर्मगुरू : फादर रने ज्युस्त आउई

लहान मुलाच्या खिशात हात घातला तर एखादा चमकता खडा हमखास हाती लागतो. आपण तो बहुधा फेकून देतो. ज्या धर्मगुरूंनी अशा खड्यांतून एक नवे शास्त्र उभे केले, त्या फादर रने ज्युस्त आउई यांचे आज आपण स्मरण करू या.

२८ फेब्रुवारी १७४३ रोजी फ्रान्समधील सें-ज्युस्त या गावी एका गरीब विणकराच्या घरी त्यांचा जन्म झाला. भक्तिगीतांच्या ओढीने मठात येणाऱ्या या मुलाची बुद्धी तेथील मठवासीयांनी हेरली आणि त्याच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. १७७० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पॅरिसमधील एका महाविद्यालयात ते अध्यापन करू लागले.

एकदा मित्राचा संग्रह पाहताना कॅल्साइटचा स्फटिक त्यांच्या हातून निसटून फुटला, असे सांगितले जाते. ओशाळलेल्या फादरांनी तुकडे उचलले, तेव्हा बाहेरून षट्कोनी दिसणाऱ्या त्या स्फटिकाच्या आत निराळाच, तिरप्या चौकटीचा आकार दिसला. घरी येऊन त्यांनी स्वतःचे स्फटिक फोडून पाहिले. कॅल्साइटचा बाह्य आकार कोणताही असो, आतला आकार तोच! विटांवर विटा रचाव्यात तसे सूक्ष्म, एकसारखे घटक रचून स्फटिक घडतो, हा सिद्धान्त त्यांनी १७८४ साली ग्रंथरूपाने मांडला.

पुढे फ्रेंच राज्यक्रांती झाली. धर्मगुरूंवर लादलेली शपथ त्यांनी नाकारली व ऑगस्ट १७९२ मध्ये त्यांना सें-फिरमें येथे डांबण्यात आले. तेथेही ते स्फटिकांचे खण मागवून लावीत बसत. जॉफ्रुआ सें-इलेर या तरुण शास्त्रज्ञाच्या खटपटीने त्यांची सुटका झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबरमध्ये, तेथील अनेक धर्मगुरूंची कत्तल झाली. त्या महिन्यातील १९१ हुतात्म्यांना १९२६ साली धन्य घोषित करण्यात आले. स्वतः मृत्यूच्या दारातून परतलेल्या फादरांनी पुढे कैदेतील शास्त्रज्ञ लाव्हाझिए यांच्यासाठीही रदबदली केली. ती निष्फळ ठरली, पण त्यांनी मौन पत्करले नाही.

विद्यार्थ्यांना स्फटिक हाताळून समजावेत म्हणून ते लाकडी नमुने वापरीत. त्यांचे धाकटे बंधू व्हॅलेन्टीन यांनी १७८५ साली अंध मुलांसाठी शाळा काढून त्यांना उठावाची अक्षरे बोटांनी वाचायला शिकविली. दोघाही भावांनी ज्ञान जणू मुलांच्या हाती दिले.

जून १८२२ मध्ये फादर आउई प्रभूच्या घरी गेले. पुणे, नाशिक, जळगाव परिसरातील काळ्या पाषाणात सापडणाऱ्या अपोफिलाइट या खनिजाला १८०६ साली त्यांनीच नाव दिले होते.

पालकहो, आपणही घरी सुरुवात करू शकतो. मिठागरातले जाडे मीठ मुलाच्या तळहातावर ठेवून भिंगातून दाखवा. चौकोनी ठोकळे दिसतील. मग मीठ कोमट पाण्यात विरघळवून बशी काही दिवस न हलविता ठेवा. पाणी आटताना तेच ठोकळे पुन्हा आकार घेतील. मुलाने कारण विचारले, तर उत्तराची घाई करू नका. त्याला आणखी थोडे पाहू द्या. फादर आउई यांनीही, हातातला स्फटिक फुटल्यावर, तेच केले होते.