मावशीने दिलेली जागा

नोव्हेंबरमध्ये चारकोपपासून वसईपर्यंत आपण मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. या दिवसांत आम्हांस डॉ. आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होते. १८६५ साली कल्याण येथे जन्मलेल्या आनंदीबाईंनी तान्हे बाळ गमावल्यावर वैद्यकाचा ध्यास घेतला आणि १८८६ साली फिलाडेल्फिया येथे पदवी मिळविली. क्षयरोगाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अमेरिकेत त्यांना लेकीप्रमाणे सांभाळणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या ख्रिस्ती बाईंना त्या मावशी मानीत. त्यांच्याकडे रक्षा पाठविण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, ती ठेवण्यात आली. तेथे त्यांच्या नावाची शिलाही आहे. आनंदीबाई अखेरपर्यंत हिंदूच राहिल्या. तरीही मावशीने त्यांना आपल्या माणसांत जागा दिली. आपल्या प्रार्थनेतही परक्या घरच्या तरुण मृतांना अशीच जागा मिळो.