बडोद्याच्या तिजोरीतून न्यूयॉर्कपर्यंत : सयाजीराव गायकवाड

मालेगावजवळच्या कौळाण्यात ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेला गोपाळ बारा वर्षांचा होईपर्यंत धड अक्षरओळखही नसलेला शेतकऱ्याचा पोरगा होता. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं. महाराणी जमनाबाईंनी दत्तक घ्यायला मुलगा शोधला आणि गोपाळचा सयाजीराव झाला. इंग्रज शिक्षक इलियट यांच्या हाताखाली त्यांनी सगळं शून्यापासून शिकून घेतलं. उशिरा हाती आलेली पाटी हा माणूस पुढे जन्मभर विसरला नाही.

१८८१ च्या अखेरीस कारभार हाती आला. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात लागू केला. मुलगा शाळेत नाही आला तर बापाला दंड! ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र गोखल्यांना पुढे असं विधेयक मांडूनही ते मंजूर करून घेता आलं नाही. अस्पृश्यांच्या शाळांत शिकवायला सवर्ण मास्तर तयार होईनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमले, नंतर आर्यसमाजी आले. १९१० मध्ये ग्रंथालयांची घडी बसवायला थेट अमेरिकेहून बोर्डन नावाचा तज्ज्ञ बोलावला. हा सगळा खर्च संस्थानच्याच तिजोरीतून व्हायचा, म्हणजे शेवटी रयतेच्या साऱ्यातून.

हा पैसा बडोद्याच्या हद्दीतच थांबला नाही, हे सीमेवरच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावं. जमखंडीत जन्मलेल्या विठ्ठल रामजी शिंद्यांना शिकण्यासाठी त्यांनी मदत केली. मुंबईत शिकणारे, मूळ कोकणातले भीमराव आंबेडकरही बडोद्याचे प्रजाजन नव्हते. तरी जून १९१३ मध्ये करार झाला : कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षं शिकायचं, दरमहा साडेअकरा पौंड मिळतील, परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी करायची. हिशेब अगदी व्यवहारी होता, त्यात दानधर्माचा आव नव्हता.

पण हिशेबाची दुसरी बाजू जमलीच नाही. १९१७ मध्ये आंबेडकर ठरल्याप्रमाणे बडोद्याला आले. परदेशी पदव्यांच्या अभ्यासावर एवढा खर्च केलेल्या या विद्वानाला गावात राहायला जागा मिळेना. कचेरीत शिपाई लांबून कागद फेकत. नाव लपवून पारशी पथिकाश्रमात उतरावं लागलं, तिथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने हाकललं. महाराजांकडे केलेला अर्ज दिवाणाकडे गेला, दिवाणांनी हात वर केले. शिष्यवृत्ती देणं राजाच्या हातात होतं. शहराचं मन बदलणं तितकं सोपं नव्हतं. तरीही एक साधं घर देता आलं नाही, हा डाग या कारकिर्दीवर आहेच, तो झाकण्यात अर्थ नाही.

काही आठवड्यांतच आंबेडकर मुंबईला परतले. दहा वर्षांची चाकरी राहून गेली. कोलंबियातला त्यांचा प्रबंध होता सरकारी पैशाबद्दलचाच : ब्रिटिश हिंदुस्थानात प्रांतांच्या वाट्याला महसूल कसा येत गेला. १९२५ मध्ये तो पुस्तकरूपाने आला तेव्हा, बडोद्यात एवढं सोसूनही, शिक्षणासाठी केलेल्या मदतीची आठवण म्हणून त्यांनी तो सयाजीरावांनाच अर्पण केला. महाराज तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. पुढे ६ फेब्रुवारी १९३९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.